शाळेची वाट कागदावर कशी येते

शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी कुठल्याही गजबजलेल्या शाळेच्या फाटकासमोर उभं राहावं आणि नुसतं बघावं. एक गाडी येते, फाटकाच्या शक्य तितक्या जवळ थांबते. तिच्या मागे दुसरी. मग जागा उरत नाही, म्हणून तिसरी त्यांच्या शेजारी, रस्त्याच्या अंगाला. चौथी सरळ झेब्रा पट्ट्यांवर, कारण ‘दोनच मिनिटं थांबायचंय’. घंटा होते. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून एक मूल पुढे येतं आणि मान बाहेर काढून बघतं. रस्ता दिसावा म्हणून त्याला आधी रस्त्यात यावं लागतं.

त्या गाड्यांत बसलेल्या कुणालाही विचारा, मूल चालत का येत नाही? उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, रस्त्यावर गाड्या केवढ्या असतात!’ उत्तर खरं आहे. फक्त त्या गाड्यांपैकी एक आपली आहे, हे त्यात येत नाही. एका घराने काळजीपोटी गाडी काढली की शेजारच्या घराला तोच रस्ता आणखी थोडा भीतीचा वाटतो, आणि तेही गाडी काढतात. यात कुणी मूर्ख नाही. प्रत्येक जण आपल्या मुलापुरतं शहाणपणानेच वागतो, आणि सगळ्यांचं मिळून फाटकासमोर जे होतं ते कुणालाच नको असतं.

हे चक्र कुठवर जातं ते अमेरिकेच्या आकड्यांत दिसतं. १९६९ मध्ये तिथली ५ ते १४ वयाची ४८ टक्के मुलं पायी किंवा सायकलने शाळेत जायची. २००९ मध्ये १३ टक्के. शाळा लांब गेल्या, हे स्पष्टीकरण लगेच सुचतं. गेल्या आहेत, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. शाळेपासून एका मैलाच्या, म्हणजे साधारण १.६ किलोमीटरच्या आत राहणारी मुलं वेगळी काढून पाहिली, तर १९६९ मध्ये त्यांच्यातली ८९ टक्के पायी किंवा सायकलने जात होती आणि २००९ मध्ये ३५ टक्के. इतक्या जवळच्या मुलांनीही चालणं सोडलं, तेव्हा निव्वळ अंतराला दोष देता येत नाही. मधल्या रस्त्याकडे बघावं लागतं.

पत्र आणि पाटी

यावर शाळा बहुतेक वेळा एक पत्र लिहिते. ‘आमच्या शाळेसमोर वाहने अतिवेगाने जातात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ पत्र रस्ते खात्यात पोहोचतं आणि तिथल्या अभियंत्याला त्यात करण्याजोगं काहीच सापडत नाही. कुठल्या जागी? किती वाजता? अतिवेग म्हणजे किती? कारवाई म्हणजे गतिरोधक, सिग्नल की पोलीस? तो फार तर ‘पुढे शाळा आहे’ अशी पाटी लावतो. पाटी लागली की पत्राला उत्तर दिल्यासारखं होतं, आणि पुढच्या वर्षी शाळा पुन्हा तेच पत्र लिहिते.

शाळेच्या वाटेसाठी नियोजनाची मदत म्हणजे या दोघांच्या मधला माणूस. शाळेची तक्रार ऐकायची, ती रस्त्यावर जाऊन मोजायची, नकाशावर ठेवायची आणि ज्याच्या हातात रंग, सिमेंट किंवा सिग्नलची चावी आहे त्याला कळेल अशा शब्दांत मांडायची. दुभाष्याचंच काम म्हणा ना. ‘गाड्या फार जोरात येतात’ याचं त्याने केलेलं भाषांतर असं असतं: ‘अमुक कोपऱ्यावर वळणाची गोलाई फार मोठी आहे, सकाळी शाळा भरायच्या अर्ध्या तासात वळणाऱ्या गाड्यांचा वेग ताशी ३५ किलोमीटर आहे, कोपरा दोन मीटर पुढे आणला तर तो निम्म्यावर येऊ शकेल, आणि रंग व प्लास्टिकच्या खांबांनी हे तात्पुरतं करून बघता येईल.’ या वाक्यावर अभियंत्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये पायी चालणाऱ्या मुलांच्या अपघातांचं प्रमाण पश्चिम युरोपात सगळ्यात वाईट होतं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० पेक्षा जास्त मुलं रस्त्यावर मेली आणि आईवडील रस्त्यावर उतरले. डेन्मार्कने १९७६ च्या वाहतूक कायद्यातच लिहून टाकलं की शाळेच्या वाटेवर मुलांना वाहतुकीपासून जपणं ही पोलीस आणि रस्ते खातं यांची जबाबदारी आहे, आणि ती त्यांनी शाळांशी बोलून पार पाडायची आहे. ओडेन्सा शहराने मग मुलांच्याच हाती नकाशे दिले आणि विचारलं, तुम्हाला भीती कुठे वाटते? त्या खुणांवरून कामांची यादी तयार झाली.

अमेरिकेने २००५ मध्ये याच धर्तीवर देशभराची योजना आणली. पाच वर्षांसाठी ६१ कोटी २० लाख डॉलर दिले. मला मात्र त्या कायद्यातल्या दोन बारीक तरतुदी जास्त शहाणपणाच्या वाटतात. एक, प्रत्येक राज्याने या कामासाठी पूर्ण वेळचा एक समन्वयक नेमलाच पाहिजे. दुसरी, निधीतला किमान १० टक्के भाग बांधकाम सोडून बाकी गोष्टींना, म्हणजे शिकवण्याला, मोजणीला, लोकांना जोडून घेण्याला ठेवायचा. सिमेंटला पैसे मिळवणं त्या मानाने सोपं. नकाशा घेऊन शाळोशाळी फिरणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे मिळवणं अवघड.

रस्ता मुलाला कसा दिसतो

नियोजक पहिला प्रश्न विचारतो तो रस्ता कुणासाठी आखायचा हा. उत्तर सोपं वाटतं, मुलांसाठी. पण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नसतो. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सांडेल्स यांनी १९६० च्या दशकात लहान मुलं वाहतुकीत कशी वागतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की कितीही शिकवलं तरी लहान मूल मोटारींच्या रस्त्याला पूर्णपणे सरावू शकत नाही, त्याची वाढच तिथवर झालेली नसते. त्या काळी हे अनेकांना पचलं नाही. मुलांना नियम शिकवले की झालं, अशीच सगळ्यांची समजूत होती. आजही बऱ्याच जणांची आहे.

एक उदाहरण घ्या. समोरून येणारी गाडी जवळ येतेय हे आपल्याला कळतं ते डोळ्यांपुढे तिचा आकार मोठा होत जातो त्यावरून. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी ३० किलोमीटरच्या थोड्या वरच्या वेगाची गाडी ‘मोठी होताना’ धड कळतच नाही. म्हणजे गाडी जितकी जोरात, तितकी ती मुलाला जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटण्याचा धोका जास्त. ‘दोन्हीकडे नीट बघून रस्ता ओलांड’ हे आपण मुलाला हजारदा सांगतो. तो नीट बघतोही. बघून त्याला काय दिसतं, हे आपण विचारत नाही.

उंचीचं तर बोलायलाच नको. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर धरतात. पहिलीतलं मूल थोडं उंच. मोठ्या गाडीचं नाक त्याच्या डोळ्यांच्या वर जातं. एकदा फाटकासमोर उकिडवं बसून बघा, काय दिसतं ते. चाकं, बंपर, नंबर प्लेट. रस्त्याचा पुरावा असा कुठेच नाही.

आता वेगाचं गणित. हे कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे, कारण शाळेच्या वाटेचं निम्मं नियोजन या एका हिशेबावर उभं आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ८.३ मीटर जाते. ताशी ५० ने जाणारी १३.९ मीटर. चालकाला मूल दिसलं, मेंदूने ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरू. पहिली गाडी तेवढ्यात आठ मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. दुसरी गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे १३ मीटरवर आलेल्या मुलापर्यंत पहिली गाडी पोहोचता पोहोचता थांबते, आणि दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडायच्या आत ती पूर्ण ५० च्या वेगाने तिथे पोहोचलेली असते. पाटीवर वीसचाच फरक आहे. मुलाच्या दृष्टीने एक गाडी थांबली आणि दुसरीने ब्रेकच मारला नाही.

धडक बसलीच तर काय, याचे आकडेही आहेत. २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासाप्रमाणे पादचाऱ्याच्या मृत्यूची सरासरी शक्यता ताशी ३७ किलोमीटरला १० टक्के, ५१ ला २५ टक्के आणि ६८ ला ५० टक्के. म्हणूनच जिथे मुलं आणि गाड्या एकाच जागी येतात तिथे वेग ३० च्या वर नको, असं २०२० मध्ये स्टॉकहोममध्ये भरलेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात आलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने तर १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून शहरभर ३० ची मर्यादा लावली होती.

पण पाटीवर ३० लिहिल्याने गाड्या ३० ने जात नाहीत. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला स्वतःच सांगत असतो की हाण. नियोजक त्यामुळे आधी खरा वेग मोजतो. यंत्र नसलं तरी चालतं: रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करायच्या आणि हातात स्टॉपवॉच घ्यायचं. गाडीने ते अंतर ६ सेकंदांत कापलं तर ताशी ३०, आणि ३.६ सेकंदांत कापलं तर ५०. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लिहायचे आणि ८५ व्या गाडीचा वेग बघायचा. रस्ते खात्याची भाषा हीच आहे, ‘८५ टक्के गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो वेग’. पाटी ३० ची आणि हा आकडा ४७ आला, तर दोष एखाद्या उनाड चालकाचा उरत नाही, रस्त्याच्या आखणीचा ठरतो.

सगळ्यांनी मिळून चालायचं

या कामाचा गाभा म्हणजे पाहणीची फेरी. मुख्याध्यापक, दोन-तीन पालक, रस्ते खात्याचा अभियंता, वाहतूक पोलीस आणि काही मुलं एकत्र शाळेच्या वाटेने चालतात. थांबतात, बघतात, लिहून घेतात. जपानमध्ये शाळा मुलांच्या जाण्यायेण्याचे रस्ते ठरवून देतात. २०१२ मध्ये शाळेला चाललेल्या मुलांच्या रांगेत गाडी घुसली, त्यानंतर देशभर शाळा, पोलीस आणि रस्ते खातं यांनी एकत्र फिरून ही तपासणी केली. काहीतरी करायलाच हवं अशा ७० हजारांहून जास्त जागा निघाल्या. आणि हा अशा देशातला आकडा आहे जिथे लहान मुलांचं आपापलं शाळेत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

फेरीची वेळ महत्त्वाची. सगळ्यांना सोयीची म्हणून सकाळी अकराची वेळ ठरते आणि रस्ता अगदी शांत दिसतो. शाळा भरताना आणि सुटतानाच जायला हवं. जमलं तर एकदा पावसातही. फूटपाथवर पाणी कुठे साचतं आणि मुलं कुठून रस्त्यावर उतरतात ते पावसातच कळतं.

एका क्रॉसिंगपाशी जरा जास्त वेळ थांबू. चार पदरी रस्ता, रुंदी १४ मीटर, झेब्रा पट्ट्या आहेत, सिग्नलही आहे. मोठा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १२ सेकंदांचा ठेवलाय. कागदावर चोख. आता लहान मुलांचा घोळका येतो. त्यात एकाच्या बुटाची नाडी सुटलीय, एकजण मागे वळून मित्राला हाक मारतोय. घोळका सेकंदाला ०.९ मीटरने चालतो. ओलांडायला साडेपंधरा सेकंद लागतात. दिवा बदलला तेव्हा शेवटची तीन मुलं शेवटच्या पदरात आहेत. उपाय चार सेकंदांचा आहे, सिग्नलच्या पेटीत बदलायचा. पण ते चार सेकंद कुणीतरी तिथे उभं राहून मोजल्याशिवाय कुणाला सुचत नाहीत.

सिग्नल नसेल तर वेगळाच सापळा असतो. एका दिशेच्या दोन पदरांपैकी जवळच्या पदरातली गाडी सभ्यपणे थांबते, हात करून मुलाला ‘जा’ म्हणते. मूल निघतं. शेजारच्या पदरातून येणाऱ्याला थांबलेल्या गाडीआडचं मूल दिसत नाही, आणि मुलाला तो दिसत नाही. चांगल्या माणसाचा चांगुलपणाच इथे घात करतो. यावर थांबायची रेषा पट्ट्यांपासून काही मीटर मागे आखणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, म्हणजे मधे दिसायला जागा राहते. पदर कमी करणं त्याहून चांगलं. दुभाजकात थांबायला जागा केली तर मुलाला एका वेळी एकाच दिशेचा विचार करावा लागतो. ती जागा निदान दोन मीटर खोल हवी, कारण सायकल साधारण १.८ मीटर लांब असते. सव्वा मीटरच्या दुभाजकात सायकल घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाचं मागचं चाक रस्त्यात असतं. नकाशा काढणाऱ्याने सायकल हातात धरून तिथे एकदा उभं राहावं, एवढीच अपेक्षा.

फेरीत मुलं जे दाखवतात ते मोठ्यांच्या यादीत कधीच नसतं. बंद दारामागून अचानक भुंकणारा कुत्रा, ज्याच्यामुळे सगळी मुलं त्या घरापुढे फूटपाथ सोडतात. भिंतीतली मोडकी जागा, जिथून निम्मा वर्ग ये-जा करतो आणि शाळेला पत्ताच नाही. मोठी पोरं टोळक्याने उभी असतात तो कोपरा. शेवटचं तर वाहतुकीत मोडतही नाही. पण त्या कोपऱ्याला वळसा म्हणून मूल मोठ्या रस्त्याने जात असेल, तर ते नियोजनात यायलाच हवं.

नकाशावरची दोन अंतरं

फेरीच्या जोडीला नकाशा. मुलं कुठून येतात हे ठिपक्यांनी दाखवायचं, नावंपत्ते न देता, आणि शाळेभोवती ८०० मीटर आणि १.६ किलोमीटरची वर्तुळं काढायची. वर्तुळ फसवं असतं. पक्षी उडतो त्या अंतराने ३०० मीटरवर असलेलं घर चालायला अकराशे मीटर पडू शकतं, कारण मधे लांबलचक कुंपण आणि शाळेचं फाटक नेमकं पलीकडच्या बाजूला. अशा वेळी कुंपणाला मागच्या बाजूने एक छोटं दार काढणं हा वाटेवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय ठरू शकतो. त्यासाठी रस्ते खातं लागत नाही. मुख्याध्यापक, एक कुलूप आणि ते सकाळी-दुपारी उघडायची जबाबदारी घेणारा माणूस लागतो. तिसरी गोष्ट मिळवणं सगळ्यात कठीण.

ठिपके आणि रस्ते एकत्र ठेवले की एक गोष्ट चटकन दिसते: बहुतेक मुलं शेवटच्या तीन-चारशे मीटरमध्ये त्याच दोन-तीन रस्त्यांवर येतात. सगळं गाव दुरुस्त करायची गरज नसते. आधी हे दोन-तीन रस्ते.

मग आराखडा लिहितात. चांगल्या आराखड्यात मोठी भाषणं नसतात, एक तक्ता असतो. कुठली जागा, अडचण काय, उपाय काय, ते कुणाच्या हातात, केव्हापर्यंत. ‘कुणाच्या हातात’ हा रकाना सगळ्यात जास्त वेळ खातो. एकाच कोपऱ्यावर पट्ट्या एका खात्याच्या, सिग्नल दुसऱ्याचा, उभ्या गाड्या पोलिसांच्या अखत्यारीत आणि दृष्टी अडवणारं झाड खासगी मालकाचं. हा रकाना रिकामा ठेवून लिहिलेले आराखडे सुबक छापले जातात आणि कपाटात राहतात.

कुठल्या शाळेला ही मदत आधी मिळावी, हाही प्रश्न आहेच. पत्रं लिहायला, बैठकांना यायला ज्या पालकांना वेळ असतो त्यांच्या शाळेचं काम आधी होतं. ज्या शाळेतली बहुतेक मुलं चालतच येतात, कारण घरी गाडीच नाही, तिथून पत्र येत नाही. टांझानियात दार-एस-सलाममध्ये अमेंड नावाच्या संस्थेने मुलांना जास्त धोका कुठल्या शाळांपाशी आहे हे आधी शोधलं आणि तिथेच काम केलं. फूटपाथ, गतिरोधक, झेब्रा पट्ट्या, असलीच साधी कामं. त्या शाळांच्या मुलांमध्ये जखमी होण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटलं. अमेरिकेतल्या सेफ राउट्स पार्टनरशिप या संस्थेनेही २०२० मध्ये आपल्या कामाच्या सूत्रातून पोलिसी बडगा वगळला आणि त्या जागी लोकांचं म्हणणं ऐकणं आणलं, कारण तो बडगा सगळ्या वस्त्यांवर सारखा पडत नाही.

सिमेंटशिवाय होणारी कामं

रंग, शंकू आणि कुंड्या यांनी बरंच काही आजमावता येतं. महिनाभर कोपरा तात्पुरता अरुंद करा, वेग पुन्हा मोजा. जमलं तर पक्कं करा, नाही जमलं तर रंग खरवडून टाका. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मीटर गाडी उभी करू न देणं हाही असाच स्वस्त उपाय, आणि तो लेखाच्या सुरुवातीच्या त्या फटीतल्या मुलावरचा थेट इलाज आहे.

त्याच्या एक पायरी पुढे ‘शाळेचा रस्ता’. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-पाऊण तास फाटकापुढचा रस्ता गाड्यांना बंद. रहिवाशांना आणि रुग्णवाहिकेला वाट. इटलीतल्या बोल्झानो शहराने हे १९८९ मध्ये सुरू केलं. २०२० नंतर लंडनमध्ये शेकडो शाळांपुढे झालं, पॅरिसने तर अनेक रस्ते कायमचे बंद करून तिथे झाडं लावली. यावरचा पहिला आक्षेप हमखास येतो: गाड्या मग शेजारच्या गल्लीत जातील. काही जातात. म्हणून फाटकापासून पाच मिनिटांच्या चालीवर सोडण्याची एक-दोन ठिकाणं आधी ठरवावी लागतात. लांबून येणाऱ्या मुलांनाही त्यामुळे शेवटचा टप्पा चालायला मिळतो, आणि गर्दी एका बिंदूवर न साचता विखुरते.

लहान मुलांसाठी ‘चालती बस’ असते. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, पुढे एक मोठा माणूस, मागे एक, मधे मुलं. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविश्ट यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स शहरात ब्रिटनमधली तशी पहिली बस चालली. कल्पना गोड आहे आणि मोडते नेहमी एकाच जागी. दोन उत्साही पालक रोज चालवतात, चार महिन्यांनी त्यांतला एक दमतो. आठ-दहा जणांत वार वाटून घेतले, बदली कोण हे ठरवलं, तर टिकते. सायकलींचीही अशीच मिरवणूक निघते. बार्सिलोनात २०२१ मध्ये ती इतकी मोठी झाली की जगभर तिची छायाचित्रं पोहोचली. तिथे पालकांची मागणी मात्र वेगळी होती: आठवड्यातून एकदा मिरवणूक ठीक आहे, आम्हाला रोजचा सायकलमार्ग हवा.

मागणी बरोबर आहे. सायकलच्या बाबतीत शिकवण्याचा भाग मोठा असतो. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी-शेवटी मुलं खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात. एका हाताने तोल सांभाळून दुसऱ्याने वळण दाखवणं, मान वळवून मागे बघताना सायकल सरळ ठेवणं, उभ्या गाडीचं दार उघडेल म्हणून अंतर राखणं, हे सरावानेच येतं. पण तिथे परीक्षेच्या आधी मार्ग बांधलेले आहेत. दहा वर्षांच्या मुलाला ५० च्या वेगाच्या गाड्यांत रंगवलेल्या पट्टीवरून पाठवून वर हेल्मेट दिलं, तर ते नियोजन म्हणता येणार नाही. मधे उंचवटा किंवा खांब हवेत, नाहीतर शांत गल्ल्यांमधून जाणारी वाट हवी. आणि शाळेत सायकल ठेवायची जागा. पुढचं चाक खाचेत अडकवायचे जुने स्टँड चाक वाकवतात. उलट्या यू आकाराच्या नळीला सायकलचा सांगाडाच कुलूप लावून बांधता येतो. जागा शिक्षकांच्या गाड्यांच्या मागे, कोपऱ्यात, विना छपराची असली की मुलं आपलं काय ते समजून जातात.

हात वर करा

हे सगळं करून काही बदललं का, हे कळायला वर्गात हात वर करायला लावतात. आज कोण चालत आलं? सायकलने? बसने? गाडीने? पाच मिनिटांचं काम. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून दरवर्षी शाळाशाळांतून हीच मोजणी होते आणि त्यावरून देशाचं चित्र मिळतं. काम सुरू व्हायच्या आधी एकदा मोजलेलं असलं पाहिजे, हे सगळ्यांना नंतर आठवतं.

प्रश्नही नीट विचारावा लागतो. ‘तू शाळेत कसा येतोस?’ असं विचारलं की मुलं आपल्याला आवडणारं उत्तर देतात. ‘आज कसा आलास?’ असं विचारलं की खरं सांगतात. येण्याची आणि जाण्याची मोजणी वेगळी ठेवायची, कारण सकाळी घाईत गाडीतून आलेलं मूल दुपारी मित्रांबरोबर चालत जातं. लागोपाठ दोन-तीन दिवस मोजायचं, सोमवार आणि सहलीचा दिवस टाळायचा. पाऊस होता का ते वर लिहून ठेवायचं. आणि वर्षाने पुन्हा, त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच वर्गांत. पहिल्या मोजणीचा कागद कुठे ठेवलाय, तेही एका माणसाला माहीत असून चालत नाही, तो बदलून जातो. दोघांना सांगून ठेवायचं.